‘येत नाही’ म्हणता येणारं घर

सहामाही परीक्षा आणि दिवाळी आपल्याकडे पाठोपाठ येतात. काही शाळा उत्तरपत्रिका सुट्टीआधी देतात, काही सुट्टी संपल्यावर. पण फराळाच्या ताटांभोवती दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या गुणांची चौकशी होतेच. आत्येबहिणीला किती पडले, शेजारच्या मुलाला कोणती श्रेणी मिळाली, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काय टाकलं, हे सगळं मोठ्यांच्या बोलण्यात येतं आणि ज्याला कमी पडले ते मूल तिथेच बसून ऐकत असतं. मला या लेखात अशा सात ते दहा वर्षांच्या मुलांबद्दलच बोलायचं आहे. दहावी-बारावीचे प्रश्न निराळे आहेत. या वयात गुण कमी आले तर पालकांनी काय करावं, याचं माझं उत्तर एका वाक्यात मावतं: आपल्याला काय येत नाही हे मुलाला आपल्यासमोर न घाबरता सांगता आलं पाहिजे, आणि घराने सगळ्यात आधी एवढं जपलं पाहिजे. अभ्यास, सराव, शिस्त हे सारं त्यानंतर. हा पाया नसेल तर त्यातलं काहीच नीट लागू पडत नाही.

याचं कारण शिकण्याच्या स्वरूपातच आहे. समजा, तिसरीतल्या मुलाने ५२ मधून ३७ वजा करून उत्तर २५ लिहिलं. पेपरात अशी पाच उदाहरणं आहेत आणि पाचही चुकली आहेत. घरातला निष्कर्ष तयारच असतो: ‘याला वजाबाकी येत नाही’, किंवा ‘याचं लक्षच नसतं’. आता त्या उत्तराकडे नीट पाहू. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा करून पाच लिहिले. दशकाच्या घरात पाचातून तीन गेले, दोन उरले. ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ हे त्याला पहिलीत शिकवलेलं होतं आणि तो नियम त्याने पाचही वेळा इमानदारीने पाळला. लक्ष नसलेल्या मुलाच्या चुका अशा एकसारख्या नसतात. एक दशक सोडला की दहा एकक मिळतात, हे त्याने कधी हाताने करून पाहिलेलं नाही, म्हणून हातचा त्याच्या डोक्यात उतरलेला नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून त्यातला एक सोडायला दिला, तर ते उमजू शकतं. पाच चुकांमागे अडचण एकच आहे. मात्र ‘लक्ष नसतं तुझं’ असं सुनावलं, तर आपण बेफिकीर आहोत एवढंच मूल शिकतं. चुकीचा नियम जसाच्या तसा राहतो आणि पुढे भागाकाराच्या वेळी पुन्हा आडवा येतो.

मराठी माध्यमातल्या मुलांची आणखी एक चूक अशीच वाचावी लागते. ‘अडुसष्ट’ ऐकून एखादं मूल ८६ लिहितं. त्याला आठ आधी ऐकू आले आणि साठ नंतर; लिहिताना मात्र सहा आधी लिहायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ वाचनाबरोबर ‘साठ आठ’ अशा धर्तीची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या वेळी लहान मुलांना जोडाक्षरांच्या संख्यानामांची अडचण कशी येते, हे समजावून सांगितलं होतं. त्या उपायाबद्दल मतभेद असू शकतात, पण अडचण खरी आहे आणि ती मुलाच्या आळसातून आलेली नाही. अशा चुका हे मुलाच्या विचाराचे माग आहेत. मुलाने उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी दडवली की ते मागच आपल्या हातून जातात.

आपल्या मूल्यमापन पद्धतीला हे तत्त्व मान्य आहे. बालशिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारलं. पहिली-दुसरीत ७० टक्के भार आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला आणि केवळ ३० टक्के संकलित म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाला. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० आणि ४०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशा साधनांतून शिक्षकाने मुलाकडे वर्षभर पाहायचं आणि वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणी त्यातून निघतात. प्रगतिपुस्तक घरी आलं की आपण मात्र नोंदी ओलांडून थेट श्रेणीवर जातो. ‘क-१’ म्हणजे ५१ ते ६० टक्के, एवढंच त्यातून कळतं. उरलेले टक्के कुठे अडले, हे त्या अक्षरात नसतं. रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरे, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं आणि गोडी टिकली. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्यांचा फारसा उपयोग झाला नाही, कारण त्यांचं मन गुणांपाशीच थांबलं. आपलंही तसंच होतं. म्हणून प्रगतिपुस्तक वाचताना नोंदी आधी आणि श्रेणी शेवटी, एवढा क्रम पालकांनी स्वतःला लावून घ्यावा.

तुलना करण्यापूर्वी वयाचाही विचार हवा. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच बाकावर बसतं. त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचं अंतर असतं, आणि सहा वर्षांच्या जीवाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई यांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या मुलांच्या गुणांची तुलना केली, तेव्हा वर्गातली सगळ्यात लहान मुलं चौथीत मागे दिसली. आठवीत ते अंतर कमी झालेलं होतं, पण पुरतं मिटलेलं नव्हतं. आपलं मूल वर्गातल्या धाकट्यांपैकी असेल तर त्याला वेळ देणं ही सवलत ठरत नाही, तो हिशोबाचा भाग आहे. तेवढ्यात ‘हा मठ्ठच’ असा शिक्का बसला तर मात्र वय वाढून भरून येणारी उणीव मनात कायमची घर करते.

काही वेळा अडचण शरीरात असते. फळ्यावरचं स्पष्ट दिसत नसलेलं मूल तसं सांगत नाही, कारण इतरांना कसं दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात द्रव साचून काही काळ ऐकू कमी येऊ शकतं. तोंडी सगळं सांगणारं मूल लिहिताना किंवा वाचताना वारंवार अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात ही तपासणी होते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ती टाळणं म्हणजे मुलाला वर्षानुवर्षं विनाकारण बोलणी खायला लावणं आहे.

आता रागावण्याविषयी. शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध आहे. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं की शिक्षणाने मुलाला भीती आणि दडपण यांपासून मुक्त ठेवावं. घराच्या उंबऱ्याच्या आत ही कलमं लागू नाहीत. तिथे फक्त आपली समज असते. ‘धाक नसेल तर मुलं शिकतील कशी?’ असं विचारणाऱ्या आजी-आजोबांचा हेतू वाईट नसतो. धाकाने मूल पाटावर बसतं, पाढे घोकतं, हे खरंच आहे. पण धाकातलं मूल आपल्याला न कळलेली गोष्ट विचारत नाही. ते शेजाऱ्याचं उत्तर उतरवून घेतं, बाईंनी विचारलं तर ‘हो, कळलं’ म्हणतं, घरी पेपर मिळालाच नाही असं सांगतं. अज्ञान लपवण्याचं कसब त्याला अज्ञान दूर करण्याच्या आधी येतं.

कौतुकानेही हेच घडू शकतं, हे अनेक पालकांना अनपेक्षित वाटेल. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘तू मेहनत केलीस’ असं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि नंतर दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवायला सांगितलं. हुशारीची स्तुती झालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांनी गुण खोटे सांगितले; मेहनतीची स्तुती झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. ती मुलं स्वभावाने लबाड नव्हती. गुण हा स्वतःच्या किमतीचा दाखला झाला की तो कमी आलेला सांगणं मुलाला सोसत नाही. रागाच्या घरात आणि ‘आमचा हुशार’ म्हणून मिरवणाऱ्या घरात मुलाची कोंडी सारखीच होते.

आणखी एक अन्याय उघडपणे बोलायला हवा. मुलाचे गुण घसरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न आईला विचारला जातो: ‘तू दिवसभर काय करत होतीस?’ ती नोकरी करत असली तरी हाच प्रश्न, घरी असली तरी हाच. सासरच्यांसमोर आपलीच परीक्षा चालू आहे अशा दडपणाखाली असलेली बाई मुलाशी शांतपणे कशी बोलणार? तिच्यावर आलेलं ओझं खाली उतरतं ते मुलाच्या पाठीवर. वडिलांनी उत्तरपत्रिका हातात घेऊन मुलाशेजारी बसणं ही आईला केलेली मदत नव्हे, ते वडिलांचं स्वतःचं काम आहे.

याउलट काही सुशिक्षित पालक ‘मार्क महत्त्वाचे नसतात रे’ म्हणून पेपर बाजूला ठेवतात. त्यामागची माया मी समजू शकतो, पण त्याने मूल एकटं पडतं. आपल्याला वजाबाकी येत नाही हे त्याला ठाऊक असतं. उद्या वर्गात पुन्हा तीच समोर येणार, हेही ठाऊक असतं. पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, हे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या पाहण्या २००५ पासून सांगत आल्या आहेत. वाचन आणि अंक कच्चे राहिलेल्या मुलाला पुढचा प्रत्येक विषय जड जातो. म्हणून प्रेमळ पालकाने गुण कमी आल्याची गोष्ट गंभीरपणेच घ्यावी. गांभीर्य कामाबद्दल असावं, मुलाच्या लायकीबद्दल नसावं.

पालकांची भीतीही मला खोटी वाटत नाही. जमिनीचे तुकडे पडत गेले, कायम नोकऱ्या दुर्मिळ झाल्या; शिक्षण सोडून मुलाला देण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे लाखो घरांचं वास्तव आहे. त्यात परीक्षेचा दबावही परतला आहे. केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात थांबावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ‘नापास’ हा शब्द पुन्हा आला आहे. मग तर तिसरी-चौथीतली अडचण वेळेवर कळणं जास्तच गरजेचं, आणि ती मुलाच्याच तोंडून सगळ्यात लवकर कळते.

मग करायचं काय? पेपर घरी आला त्या संध्याकाळी फक्त तो पाहावा, ‘दाखवलास ते बरं केलंस’ म्हणावं आणि मुलाला खेळायला सोडावं. खेळ बंद करण्याची शिक्षा देऊ नये. दुसऱ्या दिवशी चुकलेलं एखादं उदाहरण त्याला मोठ्याने बोलत पुन्हा सोडवायला सांगावं आणि ‘हे कसं केलंस?’ एवढंच विचारावं. मध्ये तोंड घालू नये. अडचण कुठे आहे हे बहुधा तिथेच कळतं. मग एका वेळी एकच गोष्ट घेऊन रोज पंधरा-वीस मिनिटं बसावं. शाळेत बाईंना भेटायला जाताना ‘मार्क का कापले?’ हा प्रश्न घेऊन जाऊ नये. ‘हातच्याची वजाबाकी अडते आहे, वर्गात कशी करून घेता?’ असं विचारलं की शिक्षकही मोकळेपणाने बोलतात. लगेच शिकवणी लावण्याची घाई नको, कारण अडचण न ओळखता वाढवलेले तास तीच चूक पक्की करतात. ज्या आई-वडिलांना शाळा लाभली नाही त्यांनाही हे जमतं. ‘मला शिकव बघू’ असं मुलाला म्हणायला अक्षरओळख लागत नाही, आणि सांगता सांगता मूल कुठे थबकतं ते ऐकणाऱ्याला कळतं.

ही दृष्टी आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करत होत्या, तेव्हा मुलं गुरं चारायला जात असल्यामुळे शाळेत येत नसत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. अडचण काय आहे ते पाहिलं आणि शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल मागे पडलं तर मोठ्यांनी आपली व्यवस्था बदलून पाहावी, हा त्या कामाचा अर्थ होता.

या सुट्टीत नातेवाईक जमतील तेव्हा मुलांसमोर गुणांची विचारपूस करू नये, आणि कोणी केली तर ‘ते आम्ही दोघं बघतो आहोत’ असं सांगून विषय तिथेच थांबवावा. मुलाला कळतं की हे माणूस आपल्या बाजूचं आहे. पुढे पाचवीत अपूर्णांक अडेल, आठवीत बीजगणित, पंधराव्या वर्षी कदाचित अभ्यासाबाहेरचं काहीतरी फार अवघड. तेव्हा ते आपल्याकडे येईल की नाही, याचा निकाल पंधराव्या वर्षी लागत नाही. तो दुसरी-तिसरीतल्या उत्तरपत्रिकांवर आपण काय बोललो, त्यावर ठरतो.