कंडीतले पुण्य

उत्तराखंडात घांघरियाहून हेमकुंडाच्या तळ्यापर्यंतची चढण सहा किलोमीटरची. तळे चार हजार मीटरांहून उंचावर. वर मुक्काम करता येत नाही, त्याच दिवशी परतावे लागते. गुडघ्याने दगा दिला, म्हणून मी कंडीत बसलो. कंडी म्हणजे पाठीवर बांधायची टोपली. ही पाठ एका नेपाळी पोराची होती; माझ्या दहावीच्या मुलांहून फार मोठा नसावा. त्याच्या पाठीला पाठ लावून, तोंड दरीकडे करून मी वर चाललो होतो. श्रमप्रतिष्ठेवर मी शाळेत वर्षानुवर्षे बोलत आलो. मागे त्याचा श्वास वाजू लागला तेव्हा त्यातले एक वाक्य आठवेना.

मन वकिली करीत होते : मी बसलो नसतो तर त्याचा रोज बुडाला असता. हे खोटे नव्हे. पण सोय आपली असली की दुसऱ्याचे पोट आपल्याला फार लवकर आठवते.

वर मी त्या गारठलेल्या पाण्यात तीन बुड्या मारल्या. तो काठावर बसून होता. “तू नहीं नहाएगा?” म्हणून विचारले.

“पसीना है, बाबूजी. ठंड लग जाएगी.”

उतरताना मी हट्टाने लंगडत चाललो. पैसे मात्र दोन्ही वेळचे आधीच दिले होते. रिकामी कंडी घेऊन तो मुकाट मागे येत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “बाबूजी, हमसे कोई गलती हुई?”