आधी मुलगे, मग मुली

1918 साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. पुणे नगरपालिकेपुढे लगेच प्रश्न उभा राहिला: सक्ती कुणाला लावायची? फक्त मुलग्यांना, की मुलींनाही? पुढची दोन-तीन वर्षं शहर या वादानं ढवळून निघालं. रमाबाई रानडे तेव्हा साठीच्या जवळ आल्या होत्या. पुण्यात त्यांची सेवासदन ही संस्था उभी राहून दहा वर्षं झाली होती. मुलींनाही सक्ती हवी म्हणून त्यांच्या पुढाकारानं बायका रस्त्यावर उतरल्या. विठ्ठल रामजी शिंदे या मागणीच्या बाजूनं हिरिरीनं उभे राहिले. फेब्रुवारी 1920 मध्ये किर्लोस्कर थिएटरात सभा झाली, तिच्यात आधी मुलग्यांपुरती सक्ती करा म्हणणाऱ्या लोकमान्य टिळकांनाही लोकांच्या रोषाला तोंड द्यावं लागलं. ज्या शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्याच शहरात.

या वादाची मांडणी नीट पाहायला हवी. मुलींना शिकवूच नये, असं विरोध करणाऱ्यांचं उघड म्हणणं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं की तिजोरीत पैसा थोडा आहे. आधी मुलग्यांची सोय करू, मग मुलींचं पाहू. हे म्हणणं खोटं नव्हतं. नगरपालिका खरोखरच श्रीमंत नव्हती. पण पैसा कमी पडतो तेव्हा थांबायचं कुणी, हे कुणीतरी ठरवतं, आणि ते ठरवणाऱ्या सभागृहात मुलींची आई नव्हती. म्हणून मला रमाबाईंची ती मागणी नुसत्या शाळेची वाटत नाही. थोडं असेल तर थोडं दोघांना द्या, असं त्या म्हणत होत्या. समतेचा याहून सोपा हिशेब मला ठाऊक नाही.

स्त्रियांच्या हक्कांना आपल्याकडे सरळ नकार फार क्वचित मिळाला. सावित्रीबाईंना तो मिळाला. भिडेवाड्यातल्या शाळेत जाताना अंगावर आलेलं शेण हा सरळ नकारच होता, आणि त्याला तोंड कसं द्यायचं हे तरी कळत होतं. पुढे नकाराचं रूप पालटलं. 1884 मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा 'केसरी'तून टीका झाली ती अभ्यासक्रमावर आणि शाळेच्या वेळांवर. मुलींनी शिकावं, पण घरकाम न सुटता. विधिमंडळातल्या आरक्षणाचंही तेच झालं. विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं 1996 मध्ये, मंजूर झालं 2023 मध्ये, आणि मंजूर होतानाच त्यात कलम आलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. 2024 ची विधानसभा त्याच्याविना निवडून आली. 288 आमदारांत स्त्रिया दहा टक्केही नाहीत.

इथवरचं पुण्याचा सुशिक्षित मध्यमवर्ग मान डोलावून ऐकेल. पुढचं जड जातं.

1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. भांडी, धुणं, केर-लादी करणाऱ्या बायका, बहुतेक झोपडपट्टीत राहणाऱ्या, 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या कुटुंबांतल्याही कितीतरी. आजारपणात चार दिवस येता आलं नाही की काम गेलं, हे त्यांचं रोजचं दुखणं होतं. मागण्या साध्या होत्या: पगारवाढ, महिन्यातून हक्काची सुट्टी, दिवाळीला बोनस. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांनी साथ दिली आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मोलकरणींना संघटित करता येत नाही, त्या घराघरांत विखुरलेल्या असतात, हा समज या शहरातल्या बायकांनीच मोडून काढला. पुण्याच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात या संपाला मी हुजूरपागेच्या पंक्तीत बसवीन.

पुढचा रस्ता मात्र तोच, थांबण्याचा. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात झाला 2008 मध्ये, म्हणजे संपानंतर 28 वर्षांनी. मंडळ आलं आणि बराच काळ नावापुरतं उरलं. घरकामगारांना माणसासारखं काम मिळावं यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2011 मध्ये करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायदा करता येईल का, हे पाहायला समिती नेमा.

सरकारला बोल लावणं सोपं आहे. पण इथे मालक सरकार नाही, आपण आहोत. स्वयंपाकघरात टांगलेल्या 'कालनिर्णय'वर दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकोनात बाईंचेही मांडतात. महिनाअखेरीला हिशेब होतो. तिचं पोर तापानं फणफणलं होतं की तिला स्वतःलाच उठवत नव्हतं, याला त्या चौकोनात जागा नसते. ज्या घरात हा हिशेब होतो, त्या घरातली बाई अनेकदा स्वतः नोकरी करते. तिला पगारी रजा आहे, कायद्यानं 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, कार्यालयात लैंगिक छळाविरुद्ध समिती आहे. हे सगळं तिला रमाबाईंसारख्यांच्या लढ्यातून मिळालं, आणि ते योग्यच आहे. पण ती सकाळी नऊला घराबाहेर पडू शकते ती दुसऱ्या बाईच्या हातांवर. घरातल्या पुरुषानं ओट्याकडे वळायला हवं होतं. तो वळला नाही आणि ते काम कमी पैशांत एका गरीब बाईकडे गेलं. आपल्या घरातल्या समतेचा बराचसा भाग असा उसना आहे. आणि त्या बाईनं पगारी सुट्टी मागितली की आपणही म्हणतो, सध्या परवडत नाही, हप्ते चालू आहेत, पुढच्या वर्षी पाहू. 1920 च्या नगरपालिकेनं दुसरं काय म्हटलं होतं?

छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकामगार बाईही येते. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही समिती कुठे बसते हे किती घरांनी आपल्या बाईंना सांगितलं आहे?

पुरुषांनी घरकामाचा वाटा उचलणं ही लांबची लढाई आहे, ती चालूच राहील. तोवर मोलकरणीनं थांबायचं कारण नाही. म्हणून पुण्यातल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. महिन्याच्या चार पगारी सुट्ट्या आणि दिवाळीचा एक पगार बाईंशी बोलून ठरवा, आणि ठरलेलं कागदावर लिहून द्या. आजारपणाचा खाडा कापू नका. घरेलू कामगार म्हणून नोंदणी करायला तिला मालकाचं प्रमाणपत्र लागतं. ते तिनं मागायची वाट न पाहता सही करून तिच्या हाती ठेवा. यासाठी कुठल्याही जनगणनेची गरज नाही.