रीमिक्स आणि हाताचे ऋण

सॉल लविट याने १९६७ साली संकल्पनाकलेविषयी लिहिताना अशी भूमिका मांडली की, कल्पना हेच कलाकृती घडविणारे यंत्र असून प्रत्यक्ष घडण ही जवळजवळ औपचारिक बाब असते. डी.जे.च्या रीमिक्सला ‘आंतरक्रियात्मक संकल्पनाकला’ म्हटले जाते तेव्हा हीच भूमिका गृहीत धरलेली असते. डी.जे. वाद्य वाजवीत नाही. तो निवडतो, तोडतो, जोडतो, आणि श्रोता नाचून ती रचना पूर्ण करतो. मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये एक मूत्रपात्र प्रदर्शनासाठी पाठविले आणि १९५७ च्या आपल्या व्याख्यानात प्रेक्षकाला निर्मितीचा वाटेकरी ठरविले. रीमिक्सला त्याच परंपरेत बसविण्यात येते. ही मांडणी आकर्षक आहे. मात्र ती टिकविण्यासाठी कोणाला तरी विसरावे लागते, आणि हे विसरणे मला नैतिक दृष्ट्या निरुपद्रवी वाटत नाही.

प्रथम आंतरक्रियेविषयी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील १५२०, सेजविक अव्हेन्यू ह्या इमारतीत झालेल्या मेजवानीपासून हिप-हॉपचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. तेथे तबकड्या लावणारा क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क हा मूळचा जमैकाचा. गाणे थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या ‘ब्रेक’ची नाचणारे वाट पाहत असतात, हे त्याने हेरले, आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तेवढाच तुकडा तो लांबवू लागला. बटण दाबण्यालाही ‘आंतरक्रिया’ म्हणण्याच्या आजच्या काळात ह्या घटनेचे महत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. लविटची भिंतचित्रे इतरांच्या हातांनी काढली गेली, तरी नियम लविटचाच राहिला. हर्कच्या बाबतीत नियमच नर्तकांच्या पायांनी सुचविला. म्हणजे रीमिक्स जितके खऱ्या अर्थाने आंतरक्रियात्मक, तितके ते लविटच्या अर्थाने संकल्पनात्मक कमी. ही दोन विशेषणे वाटतात तितकी सुखाने एकत्र नांदत नाहीत.

ह्याच हर्कविषयी आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. प्रतिस्पर्ध्यांना मूळ गाणे सापडू नये म्हणून तो तबकड्यांवरील लेबले भिजवून काढून टाकीत असे. आपल्या अभंगपरंपरेत नेमके उलट घडले: नंतरच्यांनी रचलेले प्रक्षेप मूळ संताच्या नाममुद्रेखाली गेले. तेथे भर घालणारा लोपला, येथे देणारा.

देणारा कसा लोपतो ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण सुमारे सात सेकंदांचे आहे. ‘दि विन्स्टन्स’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ (१९६९) ह्या रचनेत ग्रेगरी कोलमन याने वाजविलेला चार आवर्तनांचा ड्रमचा तुकडा पुढे असंख्य हिप-हॉप गीतांत वापरला गेला. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झालेले ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ हे प्रकार तर बव्हंशी त्याच्याच चिरफाळ्यांवर उभे राहिले. उपरोक्त सिद्धांतानुसार हा तुकडा म्हणजे ‘सामग्री’, द्युशाँच्या मूत्रपात्रासारखी. परंतु तो लक्षपूर्वक ऐकावा. पहिल्या दोन आवर्तनांत आधीचाच ठेका चालू राहतो. तिसऱ्यात स्नेअरचा एक आघात उशिरा येतो. चौथ्याच्या आरंभीची मात्रा रिकामीच सोडलेली आहे, आणि झांज अपेक्षेपेक्षा आधी वाजते. हा उशीर, ही रिकामी मात्रा हे निर्णय आहेत. ते हातात घडले म्हणून ते विचार नव्हेत, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? कल्पना आणि घडण ह्यांची फारकत येथे होतच नाही. म्हणून डी.जे. ‘कल्पना’ आणि ड्रमवादक ‘सामग्री’ ही विभागणी सौंदर्यशास्त्रीय कमी आणि श्रमाची जुनी उतरंड अधिक आहे.

कायद्याचा मार्ग येथे फारसा उपयोगी नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने बिझ मार्की ह्या रॅपगायकाच्या गाण्यासंबंधीचा निकाल चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेने आरंभिला. परवानगी हीच नीतीची कसोटी मानली, तर ब्राँक्समधील ती मेजवानीही अपराध ठरेल आणि ही कला केवळ धनवंतांना परवडेल. शिवाय हक्क ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा. वाजविणाऱ्या हाताला त्यात स्थान असेलच असे नाही. कायदा मालमत्ता पाहतो, सिद्धांत संहिता पाहतो. कोलमन दोघांनाही दिसत नाही.

मला चोरीपेक्षा ऋण ही संज्ञा अधिक उपयुक्त वाटते. चोरीत वस्तू परत केली की प्रश्न मिटतो. ऋणात घेणे वैध असते, आणि घेतल्यानंतरच संबंध सुरू होतो. २०१५ मध्ये ह्याची एक अपुरी खूण दिसली. त्या तुकड्यावर वाढलेल्या श्रोत्यांनी, कोणतीही कायदेशीर सक्ती नसताना, वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्याला दिले. आंतरक्रिया ह्या शब्दाला येथे प्रथमच दुसरे टोक मिळाले, असे मी म्हणेन. कोलमन मात्र २००६ मध्येच, बेघर अवस्थेत मरण पावला होता. आपल्या त्या सात सेकंदांचे काय झाले हे त्याला कळले असण्याचा संभव फार थोडा.