वहिवाट आणि ओपनजीएल

सेनगाव, औंढा, कळमनुरी, कुठल्याही तहसील कार्यालयात जा, शेतरस्त्याचं एखादं भांडण सापडतंच. एक म्हणतो, "सातबारा माझा, गाडी जाऊ देणार नाही." दुसरा म्हणतो, "आज्यापासून आमची हळद इथूनच जाते." कायदा पहिल्याचं सगळंच ऐकत नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला तर अडथळा काढायला लावण्याचा अधिकार १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम तहसीलदाराला देतो. मालकी मान्य, पण तिच्यासोबत वाट्टेल ते करायची मुभा येत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या धंद्यात वहिवाट असते का, हा माझा प्रश्न आहे.

ओपनजीएल घ्या. स्क्रीनवर थ्रीडी चित्र काढायला प्रोग्रामने ग्राफिक्स कार्डाशी कसं बोलायचं, याचं हे खुलं मानक. १९९२ पासूनचं. त्यात लिहिलेला प्रोग्राम थोड्या फेरफाराने विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे नेता येतो. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डायरेक्टथ्रीडी मात्र त्यांच्याच अंगणातलं.

२००५ मध्ये विंडोज विस्टा घडत होती. तेव्हाचा बेत असा होता: ओपनजीएल राहील, पण १.४ आवृत्तीपुरतं, आणि तेही डायरेक्टथ्रीडीच्या मार्फत. २.० तर आदल्याच वर्षी आलं होतं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ओपनजीएल ड्रायव्हर वापरलात, तर नव्या डेस्कटॉपचे पारदर्शक खिडक्यांचे इफेक्ट बंद. म्हणजे रस्ता बुजवला नाही, फक्त त्यावर चिखल केला. डेव्हलपरांनी ओरड केली. जानेवारी २००७ मध्ये विस्टा बाजारात आली, तोवर बेत बदलला होता: कार्डवाल्यांचे ड्रायव्हर नव्या डेस्कटॉपसोबत चालू शकत होते.

कंपनीची बाजूही खरी आहे. जुनं सांभाळायला माणसं लागतात, पैसा लागतो, आणि कुणी जन्मभराचा करार केलेला नसतो. "नको असेल तर दुसरी सिस्टिम घे," हेही ऐकायला सोपं वाटतं. पण सेकंडहँड लॅपटॉपवर कॉलेज काढणाऱ्या पोराला दुसरी कुठून आणायची? अभ्यासक्रमातलं सॉफ्टवेअर एकाच सिस्टिमवर चालत असेल, तर त्याच्या शेताला तेवढाच रस्ता आहे.

शिवाय लोक या वाटेवर आपणहून घुसले नव्हते. ओपनजीएलचा कारभार पाहणाऱ्या मंडळात मायक्रोसॉफ्ट सुरुवातीपासून होती. १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ मध्ये तिनेच ओपनजीएल दिलं. या म्हटल्यावर लोक आले, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षांचं काम उभं केलं. माझ्या मते बोलावणाऱ्यावर जबाबदारी येते ती इथे. करारात लिहिलेली नसली तरी येते.

ही जबाबदारी किती? वहिवाटीत शेतमालकाने रस्ता डांबरी करून द्यावा, असं कुणी म्हणत नाही. त्याने आडवं काटेरी कुंपण घालू नये, एवढंच. "मी सांभाळणार नाही" आणि "कुणालाच सांभाळू देणार नाही" यांत फरक आहे. पहिलं चालेल, दुसरं चालणार नाही. विस्टात शेवटी पहिलं घडलं: ओझं कार्डवाल्यांनी उचललं, कंपनीने वाट सोडली. ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएल कालबाह्य ठरवलं, आणि त्याच्या जागी आलेलं खुलं वल्कनही मॅकवर थेट दिलं नाही. मग मोल्टनव्हीके नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने वल्कनचं बोलणं ॲपलच्या मेटलमध्ये उलथवून वाट काढली. हा दुसऱ्याच्या बांधाला वळसा आहे. चालतो, पण वळशाचा खर्च चालणाऱ्याच्या माथी.

हे फक्त मोठ्या कंपन्यांना लागू नाही. तुमच्या छोट्या ॲपमधला फाइल फॉरमॅट बदलतानाही कुणाची तरी गाडी त्यावरून जात असते. बदला, हरकत नाही. पण आधी सांगा, जुनी फाइल बाहेर काढायची सोय ठेवा, आणि दुसरं कुणी ती वाट दुरुस्त करायला आलं तर त्याला अडवू नका.