शेजारी कोण बसलंय?

एखाद्या खुर्चीत माणूस बसलेला आहे की नाही, हा प्रश्न इतरांना सोपा वाटत असेल. बँकेत आयुष्य काढणाऱ्याला तो सोपा वाटत नाही. कचेरीत खुर्चीच्या पाठीवर कोट लटकत असला की साहेब 'आहेत'. कुर्ल्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीजवळ रुमाल पडलेला असला की तिथे माणूस 'आहे', मग तो माणूस अजून पुलाच्या जिन्यावर का असेना. उलट, नोव्हेंबरात आमच्या काउंटरपुढे पेन्शनर आजोबा काठी टेकून, धापा टाकत, मला नावानिशी हाक मारत उभे असतात. पण हयातीचा दाखला होईपर्यंत ते आहेत असं आम्हांला म्हणता येत नाही.

हा जुना घोळ आता मोटारीच्या सीटमध्ये शिरला आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे तयार होणाऱ्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारी घंटी सक्तीची झाली. चालवणारा तर असणारच. पण त्याच्या शेजारी कुणी आहे का, हे गाडीला कळणार कसं? म्हणून सीटच्या आवरणाखाली चटईसारखा एक पातळ सेन्सर घालतात. त्याच्यावर वजन पडलं, की गाडी समजते, आलं कुणीतरी. त्या बिचाऱ्या चटईला भाजीची पिशवी आणि भावजी यांतला फरक कळत नाही, हा भाग वेगळा.

आमच्या कुर्ल्यातच पूर्वी प्रीमियरच्या कारखान्यात फियाट बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. तिला असले प्रश्न पडत नसत. पुढची सीट म्हणजे एक अखंड बाकडं, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्या बाकड्यावर किती माणसं आहेत हे माणसांनीच आपसात कोपरं मारून ठरवायचं. आता तो कारखाना नाही, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तिला हयातीचा दाखला मिळाला नाही.

आमची गाडी मात्र नव्या जमान्यातली, म्हणजे दुसऱ्याने वापरून झालेली. गेल्या भाऊबीजेपासून तिने एक नाद लावून घेतला. शेजारची सीट रिकामी असली तरी घंटी वाजायची. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लिंबू-मिरची सुचवली. सौ. एवढंच म्हणाली, "अहो, नाव तरी विचारा. कोण आहे ती?"

सीएसटी रोडवरच्या पहिल्या मेकॅनिकने बॉनेटसुद्धा न उघडता उपाय सांगितला. "साब, क्लिप लगा दो. पचास रुपये. गाडी चूप." क्लिप म्हणजे पट्ट्याच्या टोकाला असते तशी नुसती धातूची जीभ. ती कुलपात खुपसली, की पट्टा बांधला असं गाडी मानते.

इथे मी अडलो. यंत्राशी खोटं बोलणं हे खोटं धरायचं की नाही? फसल्याचं दुःख गाडीला होत नाही. शिवाय थाप आधी तिने मारली. नसलेला माणूस आहे म्हणाली. आपण नसलेला पट्टा आहे म्हणायचं. नावे आणि जमा बरोबर. कॉमर्सच्या पदवीधराला हा हिशेब पटायला हवा. पण तेरीज दोन चुकांनीसुद्धा जुळते, हे कॉमर्समध्येच शिकवतात. आणि न जुळणाऱ्या तेरजेपेक्षा अशी जुळलेली तेरीज जास्त घातक, कारण मग कुणी शोधतच नाही.

शोधायचं होतं ते आईसाठी. साडी चुरगळते म्हणून ती पट्टा बांधत नाही. माझं ऐकत नाही, सुनेचं तर प्रश्नच नाही; पण घंटीचं ऐकते. "बांधते गं बाई, ओरडू नकोस," असं त्या घंटीला म्हणते आणि बांधते. क्लिप बसवली की ज्या दिवशी आई खरोखर तिथे बसेल, त्या दिवशीही घंटी गप्पच राहणार. म्हणजे पन्नास रुपयांत फसणार होती ती गाडी नव्हे.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री ज्या गाडीत होते तिला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर या क्लिपांकडे सरकारचं लक्ष गेलं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना त्या विकायला बंदी केली, आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. गप्प बसवण्याच्या धंद्यात एवढी स्पर्धा असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरे मेकॅनिक वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी स्कॅनर लावला. मग बॅटरीची तार काढून चहा मागवला. सीटखालून एअरबॅगच्याही तारा जातात, त्यामुळे थोडा वेळ जाऊ द्यायचा असतो, आणि त्यांच्या पिवळ्या प्लगला मीटर लावायचाच नसतो. मग सीटखाली हात घातला. एक छत्री, दोन पेनं आणि हरवलेली गॅसची पावती निघाली. सेन्सरचा प्लग घट्ट होता, तार कुठे चेपलेली नव्हती. मीटर लावून म्हणाले, "बैठो." बसलो. "उठो." उठलो. असं पाच-सहा वेळा. शाळेनंतर एवढ्या उठाबशा काढल्या नव्हत्या. माझ्या असण्या-नसण्याने मीटरचा आकडा तसूभर हलत नव्हता. ऑफिसात याची सवय आहे, तरी वाईट वाटलंच.

मग चाचांनी वरचं रेक्झिनचं कव्हर काढलं. इतकं ताणून बसवलेलं, की दोन पोरं ओढायला लागली. कव्हर निघालं आणि आकडा चढला. मी बसलो, पडला. उठलो, चढला.

"साब, सेन्सर झूठ नहीं बोला," चाचा म्हणाले. "कव्हर बैठा था ना."

आता घंटी वाजायची तेव्हाच वाजते आणि आई तिच्याशी बोलते. कव्हर माळ्यावर आहे. ते मेहुण्याने गेल्या भाऊबीजेला बहिणीला ओवाळणीत घातलेलं, चारही सीटचं, स्वतः उभं राहून बसवून घेतलेलं. परवा त्याचा फोन होता, दिवाळीला येतोय. गाडीत तो नेहमी पुढेच बसतो.