माळ आणि मासळी

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि शेत सेलू तालुक्यात, कपाशी-तुरीचं. लेक दिली भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. तिथं मालगुजारी तलावांचं पाणी बांध्यांत सोडतात. त्याबरोबर बारीक मासळी, झिंगे धानात शिरतात. विहीणबाई ती मासळी डोकं-काट्यासकट वाळवतात, परतून भातावर घालतात. नातवाला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्या काट्यातूनच मिळतं.

मी माळकरी, मासळी खात नाही. मग विहीणबाईंचं हे खाणं पाप म्हणायचं का? जीव घेणं वाईट, हे मी मनापासून मानते. पण धानावर विषारी फवारणी झाली की तुडतुड्यांबरोबर बेडूक आणि माशांची पिल्लंही मरतात. ती कुणाच्या ताटात येत नाहीत, म्हणून कुणी मोजत नाही. बांधीत मासळी राखायची असेल तर असं औषध टाळावंच लागतं. शिवाय मासे पाण्यातल्या अळ्या खातात.

आणि अन्नाच्या कसाचं म्हणाल, तर वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम चाले. गांधीजी आणि संघाचे कुमारप्पा हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरत, कारण गिरणीत पांढरा करताना कोंड्यासोबत जीवनसत्त्वं जातात. अन्नाचा कस त्यांना महत्त्वाचा वाटे. मला तर तो धर्माचाच विषय वाटतो. नुसता पांढरा भात खाऊन पोर खंगलं, तर त्यात कसली अहिंसा?

माझं ताट मी बदलणार नाही. पण माळकरी भावाबहिणींनो, मासळी धरणाऱ्या ढिवराच्या टोपलीकडं बोट दाखवण्याआधी आपल्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवा.