पेपरच्या सकाळचं पोट

प्रिय मुग्धा,



तुझा मेसेज वाचला. पूर्व परीक्षेच्या सकाळी घास गिळवेना, संडासला मात्र पुन्हापुन्हा पळावं लागलं. गेले काही आठवडे कंगव्यात केसांचा पुंजका निघतोय. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. मग डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आणि घरचे म्हणाले, सगळे मनाचे खेळ. हे दुसरं वाक्य तुला फार लागलंय, ते मला कळलं. म्हणून फोनवर समजूत घालण्यापेक्षा सविस्तर लिहितेय. मेडिकलच्या मुलांना मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. तुझ्या पोटात नेमकं काय होतं ते मी तुला सांगू शकते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. ताण आला की तिथल्या काही पेशी एक संप्रेरक सोडतात. त्याचं पूर्ण नाव कॉर्टिकोट्रॉपिन रिलीझिंग फॅक्टर. आम्ही सीआरएफ म्हणतो. असं काहीतरी असणार, याचे पुरावे १९५५ मध्येच मिळाले होते. पण मेंदूत ते इतकं अल्प असतं की हाती लागायला पाव शतक गेलं. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांचे जवळजवळ पाच लाख हायपोथॅलॅमस गोळा करून त्यातून ते वेगळं काढलं. १९८१ साली त्याची रचना जाहीर झाली : ४१ अमिनो आम्लं, ठरावीक क्रमाने जोडलेली.

हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, ती एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवू लागतात. वीस-तीस मिनिटांत कॉर्टिसॉल शिगेला पोचतं, रक्तात साखर पुरवतं, आणि मग तेच हायपोथॅलॅमसला आवरतं घ्यायला लावतं. एवढं तू बारावीच्या जीवशास्त्रात थोडंफार वाचलं असशील. तुझ्या पोटाची गोष्ट मात्र त्या धड्यात नव्हती.

सीआरएफ एकटं काहीच करू शकत नाही. त्याला पेशीवरचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, लागतो. त्याचे मुख्य प्रकार दोन, आणि दोन्ही १९९० नंतरच्या काही वर्षांत सापडले. शाळेची घंटा एकच वाजते, पण बालवाडी दप्तर उचलून घरी पळते आणि दहावीचा वर्ग पुढच्या तासाची वही काढतो. तसं इथे आहे. संप्रेरक तेच, पण कुठल्या अवयवात कुठला ग्राही आहे त्यावर परिणाम ठरतो. जठराच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा ग्राही पुढे असतो, आणि त्यामुळे जठर रिकामं होणं मंदावतं. मोठ्या आतड्यात पहिल्या प्रकारचा ग्राही काम करतो, आणि तिथली हालचाल वाढते. इव्हेट ताशे यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात उंदीर-घुशींवर वर्षानुवर्षं काम करून हे दाखवलं. आता तुझी ती सकाळ आठव. वर घास उतरत नव्हता, खाली थांबत नव्हतं. एकमेकांच्या अगदी उलट वाटणाऱ्या या दोन्ही तक्रारी एकाच रेणूच्या आहेत.

आणि हे फक्त उंदरांपुरतं नाही. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी माणसांना सीआरएफ टोचून पाहिलं. मोठ्या आतड्याची हालचाल वाढली, आणि ज्यांना आधीपासून आयबीएसचा (चिडखोर आतड्याचा) त्रास होता त्यांच्यात जास्त वाढली. त्यांना कोणी परीक्षेला बसवलं नव्हतं. नुसतं संप्रेरक शरीरात गेलं आणि आतडं तसं वागलं. तुला पुन्हा कोणी मनाचे खेळ म्हणालं तर हा प्रयोग सांग.

केसांबद्दल. ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बहुतेकांचे परत येतात. चाईसारखा गोल चट्टा दिसला तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखव, तो वेगळा आजार आहे. २०११ मधला एक प्रयोग मला फार आवडतो. ताशे यांच्याच गटाकडे असे उंदीर होते ज्यांच्यात सीआरएफ जन्मापासून जास्त बनतं. वय वाढलं की त्यांच्या पाठीवरचे केस जातात. संशोधक त्यांच्या आतड्याचा अभ्यास करत होते, म्हणून सीआरएफचे ग्राही अडवणारं एक औषध त्यांना पाच दिवस टोचलं. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर टकले उंदीर इतरांतून वेगळे ओळखूच येईनात! माणसाच्या केसांसाठी त्याचं औषध झालेलं नाही, त्यामुळे त्या आशेवर राहू नकोस. पण या संप्रेरकाचा हात केसांपर्यंत पोचतो, हे त्यातून दिसलं.

आता मला खरी काळजी ज्याची वाटते ते. एका पेपरचा ताण शरीर सहज पेलतं, कारण तो संपतो. वर सांगितलं ना, कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमसला आवरतं. पण भीतीशी संबंधित अमिग्डला नावाच्या भागात ते उलटं वागतं : तिथलं सीआरएफ वाढवतं. प्राण्यांमध्ये हे स्पष्ट दिसलंय. म्हणजे ताण महिनोन्‌महिने चालला, की ज्याने शांत करायचं तेच धास्ती पोसू लागतं. अभ्यासिकेत सकाळी आठ ते रात्री अकरा, मेसचं जेवण घाईत, मग टेस्ट सिरीजचे मार्क पाहून पहाटेपर्यंत जागरण, हे तू दोन वर्षं करते आहेस. ताण येऊ देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तो येणारच. त्याला दररोज संपायला जागा दे.

जागं होण्याची वेळ रोज एकच ठेव, रविवारीसुद्धा. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि उठल्यावर अर्ध्या तासात सर्वांत जास्त. रात्री उशिराच्या अभ्यासाने आणि चहाने हीच लय बिघडते. संध्याकाळी तासभर पुस्तक मिटून चालायला जा, मैत्रिणीबरोबर, आणि तेव्हा कटऑफचा विषय नको. टेस्टची उत्तरतालिका त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी बघ. पेपरच्या सकाळी जठर मंद असणार हे धरूनच चाल : दोन-अडीच तास आधी थोडा मऊ भात किंवा केळं, तेलकट काही नाही, चहा अर्धा कप. केंद्रावर लवकर पोच, म्हणजे संडासला रांग असली तरी धास्ती वाटणार नाही. आणि बसल्यावर श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. हृदयाचे ठोके उतरतात.

याच्यावर गोळी नाही का, असं तू विचारलंस. सीआरएफचे ग्राही अडवणारी औषधं नैराश्य, चिंता, आयबीएस, सगळ्यांवर तपासली गेली आणि बहुतेक निराशाच पदरी आली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत त्यातलं एक, क्रिनेसरफाँट, मंजूर झालं, पण ते अ‍ॅड्रिनलच्या एका जन्मजात विकारासाठी. ते आणणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांत सीआरएफ वेगळं काढणारे व्हेल होते. ही मंजुरी पाहायला मात्र ते राहिले नाहीत, २०१२ मध्येच गेले.

रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा वजन उतरत गेलं, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. त्याला परीक्षेचं कारण देऊ नकोस.

आणि तुझी रूममेट भूक लागायला, अंग भरायला ज्या गोळ्या घेते म्हणालीस, त्या तू घेऊ नकोस. अशा गोळ्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की मेंदू सीआरएफ बनवणं कमी करतो, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसतात, आणि मग गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तिलाही घाबरवून त्या फेकायला लावू नकोस. पाकिटाचा फोटो मला पाठव, आणि ती किती दिवस घेतेय ते विचारून कळव.

तुझी,
शालूमावशी